दोन टिंबांची प्रतिष्ठा

गावात त्यांना दातकाका म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा माझी दाढ ठणकत होती. खालून दिवसभर बारीक ठकठक ऐकू यायची, मधूनच काहीतरी घासल्याचा आवाज. चौथ्या दिवशी मी गाल धरून खाली उतरले. दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांना विचारलं, "काकांकडे नंबर लावावा लागतो का?"

त्या बाई म्हणजे काकू. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईक आलंय. हातोडी जरा लहानशी घ्या."

आत एक माणूस काळ्या दगडावर वाकून बसला होता. केस मुळात पांढरे, त्यावर दगडाची धूळ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गंभीरपणे विचारलं, "दाढ काढायची की तिच्यावर नाव कोरायचं?"

अशी आमची ओळख झाली. काका दगडावर अक्षरं कोरतात. घरांची नावं, कोनशिला, स्मृतिशिला. पस्तीस वर्षं झाली. मी साहित्याची पदवीधर, एका प्रकाशकासाठी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. म्हणजे दोघांचाही धंदा अक्षरांचाच. फरक एवढाच की माझी चूक लाल शाईने सुधारते. त्यांची सुधारत नाही.

दाताची गोष्ट मला त्याच दिवशी चहाबरोबर मिळाली. दोघांनी मिळून सांगितली, एकमेकांना टोकत.

तीस वर्षांपूर्वी चौकातलं प्रार्थनामंदिर बांधून झालं. पाटीचं काम काकांना मिळालं. तोवरचं सगळ्यात मोठं काम. सर्वांत जास्त देणगी देणाऱ्या गृहस्थांचं नाव सगळ्यात वर यायचं होतं, आणि त्याआधी शब्द होते, "या वास्तूचे प्रमुख दाता". काकांनी सगळं सुबक कोरलं. फक्त शेवटचा काना राहिला. पाटीवरचा पडदा सरला आणि चारशे माणसांनी एका दमात वाचलं, "या वास्तूचे प्रमुख दात".

"आता एवढं झालं, तरी लोक विसरले असते," काकू म्हणाल्या. "पण त्या गृहस्थांचे पुढचे दोन दात ओठाबाहेर होते."

"चांगलेच होते," काका म्हणाले.

"लोकांना वाटलं, यांनी मुद्दाम केलं."

"त्यांनाही तसंच वाटलं. मरेपर्यंत दात धरून होते माझ्यावर."

"काना राहिला कसा पण?" मी विचारलं.

काकांनी काकूंकडे बोट केलं. "हिने जेवायला हाक मारली."

"तीस वर्षं झाली, अजून खापर माझ्या हाकेवर," काकू म्हणाल्या. "जेवून परत गेलात ना? तेव्हा बघायचं होतं."

त्या पाटीवर पुढे एक सूचनाफलक ठोकण्यात आला. तो कधी कोणी काढला नाही. काकांना त्यानंतर लहान कामं मिळत राहिली, पण मोठी पाटी नाही. आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन माणसाला पत्ता सांगतानासुद्धा लोक सांगतात, दातकाकांच्या समोरचं दुकान.

त्या चुकीतून काकांनी एक नियम काढला. शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय छिन्नी लावायची नाही. "त्या दिवशी मी अक्षरं बघत होतो," ते म्हणतात, "शब्द बघितलाच नाही. शब्द बघितला असता तर देवाच्या घरात दात कशाला उगवतील, हे डोक्यात आलं असतं." नियम चांगला होता. गिऱ्हाइकांना मात्र त्याचा त्रास होई. एक बाई नवऱ्याच्या स्मृतिशिलेसाठी "चिरनिद्रा" लिहून घेऊन आल्या. काकांनी विचारलं, "चिर म्हणजे काय हो वहिनी?" त्या रडू लागल्या. काकूंनी त्यांना आत नेलं, पाणी दिलं आणि बाहेर येऊन काकांना म्हणाल्या, "कळला आता अर्थ?"

तर अशा या काकांकडे दोनेक महिन्यांपूर्वी प्रार्थनामंदिराच्या समितीचे अध्यक्ष आले.

हे अध्यक्ष म्हणजे त्या देणगीदार गृहस्थांचे चिरंजीव. दाराशी आले तेव्हा मीही तिथेच होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं तिकडेच बघितलं. वडिलांचा वारसा त्यांनी सांभाळला होता.

मंदिराची हकिगत गावात सगळ्यांना ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी छत खचलं. दुरुस्ती लांबली. मग समितीने वर तात्पुरते पत्रे टाकून ती जागा एका फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून दिली. प्रार्थना शाळेच्या सभागृहात होऊ लागली. आता नवं छत झालं होतं, गोदाम हललं होतं, आणि महिन्याभरात मंदिर पुन्हा उघडायचं होतं.

"पाटी हवी," अध्यक्ष म्हणाले. "मी मशीनवर करून आणणार होतो. पण गुरुजी अडून बसलेत. हाताने कोरलेलीच हवी म्हणतात. आणि हाताने कोरणारे आता तुम्हीच उरलात."

"म्हणजे नाइलाज," काका म्हणाले.

"नाइलाजच," अध्यक्ष म्हणाले. तेही सरळ माणूस आहेत. त्यांनी कागद पुढे केला. "चार ओळी आहेत. जशा आहेत तशा हव्यात. आणि काका, या वेळी दात दाखवू नका."

हे बोलताना त्यांनी स्वतः दाखवले. काकू आत निघून गेल्या. त्यांना हसू आलं की त्या आत जातात.

काका हसले नाहीत. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. मला तेव्हा कळलं, हा माणूस तीस वर्षं या कागदाची वाट बघत होता. त्याच इमारतीत, त्याच भिंतीवर, एक पाटी बिनचूक लावायची. आता त्यांचं वय त्रेसष्ट. दुसरी संधी आली होती. तिसरी येणार नव्हती.

कागदाच्या पहिल्या ओळीत एकच शब्द होता, ठळक, "पुनर्प्रतिष्ठा". खाली तारीख, मग गुरुजींचं नाव, मग समितीचं.

अध्यक्ष गेल्यावर काकांनी कागद माझ्यापुढे धरला. "सांग पदवीधर. अर्थ काय?"

"पुनर् म्हणजे पुन्हा. प्रतिष्ठा म्हणजे मान, इभ्रत."

"म्हणजे पुन्हा इभ्रत. कोणाची? देवाची?"

"असं म्हणता येईल."

"देवाची इभ्रत कोणी घालवली?"

मी मग वर जाऊन शब्दकोश घेऊन आले. प्रतिष्ठा शब्दाच्या पोटात उभं राहणं आहे. एखादी गोष्ट एका जागी पक्की उभी करणं, तिची स्थापना करणं, हा जुना अर्थ. मान आणि इभ्रत मागाहून आले. मी ते वाचून दाखवलं.

"मग अर्थ झाला, पुन्हा उभं करणं," काका म्हणाले. "पण छत तर उभं केलंय गवंड्याने. त्याचं नाव का नाही पाटीवर?"

मी चार वर्षं साहित्य शिकले. असे प्रश्न तिथे कोणी विचारत नसे.

"शिवाय," ते म्हणाले, "हा प बघ. याच्या डोक्यावर एक र बसलाय आणि पायात दुसरा र लोंबतोय. मधे बिचारा प. एवढा छळ कुठल्या अक्षराचा होत असेल असं वाटत नाही. मला कोरताना हे खुपणार."

"बरोबर आहे पण ते. पुनर्जन्म, पुनर्विचार, पुनर्रचना, तसंच पुनर्प्रतिष्ठा," मी म्हणाले. "निमंत्रणपत्रिकासुद्धा मीच तपासलीय. पाचशे छापून झाल्यात."

"तू म्हणतेस तर बरोबरच असेल," काका म्हणाले. पण छिन्नी उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुरुजींकडे गेलो. प्रार्थना सांगणारे हे गुरुजी मंदिरातच होते. सदऱ्याच्या बाह्या दुमडून खिडकीच्या काचा पुसत होते. आत नव्या चुन्याचा वास होता आणि त्याच्याखाली अजून थोडा पॉलिशचा.

"या, या," गुरुजी म्हणाले. "बसा म्हणायला खुर्ची नाही. इतकी वर्षं इथे दोनशे सोफे होते, तेव्हा यायला हवं होतं."

काकांनी प्रश्न विचारला. गुरुजींनी फडकं खांद्यावर टाकलं. त्यांना विचारणारं कोणी भेटलं याचाच आनंद झालेला दिसला.

"असं बघा," ते म्हणाले. "छत पडलं, बांधलं. त्याला जीर्णोद्धार म्हणतात. ते गवंड्याचं काम. जमीन धुतली, भिंती रंगवल्या, त्याला शुद्धी म्हणा. ते फडक्याचं काम, मी करतोय. पण ही जागा पवित्र होती. आणि आपण काय केलं? तिच्यात कपाटं ठेवली. भिंती तशाच होत्या, पण पावित्र्य उठून गेलं. ते परत बोलावून जागेवर उभं करायचं, याला म्हणतात पुनःप्रतिष्ठा."

"उठून गेलं म्हणजे गेलं कुठे?"

"आता ते मला काय माहीत? तुमच्या घरी पाहुणा आला आणि तुम्ही त्याच्या खाटेवर सामान रचलंत, तर तो कुठे जातो?"

"आमच्याकडे माळ्यावर जातो," काका म्हणाले.

गुरुजी हसले. मग म्हणाले, "या शब्दाची एक गंमत आहे. हा कुठेही वापरता येत नाही. नव्या जागेची नुसती प्रतिष्ठा होते. जिथे पावित्र्य कधी नव्हतंच, तिथेही हा शब्द चालत नाही. जिथे होतं आणि आपल्या हातून गेलं, तिथेच हा शब्द. म्हणजे त्यात एक कबुली आहे. आम्ही घालवलं होतं, असं त्यात आपण म्हणतो. लोकांना वाटतं हा मोठेपणाचा शब्द आहे. खरं तर माफीचा आहे."

काकांनी कागद पुन्हा उघडला. मग म्हणाले, "गुरुजी, तो शब्द परत एकदा म्हणा."

"पुनःप्रतिष्ठा."

"अजून एकदा."

"पुनःप्रतिष्ठा. का हो?"

"तुम्ही मधे श्वास सोडताय," काका म्हणाले. "पुन म्हटलं की ह् करून हलकासा. र कुठेच ऐकू येत नाही."

"विसर्ग आहे तो. विसर्ग म्हणजे सोडणंच."

"मग कागदावर र कसा?"

गुरुजींनी कागद बघितला. माझ्याकडे बघितलं. "लिहिण्याचं मला विचारू नका," ते म्हणाले. "मी बोलणारा माणूस. लिहिण्याचं या बाई बघतील."

परतताना रस्ताभर मी काकांना समजावत होते की बोलण्यात आणि लिहिण्यात फरक असतो. ते हं हं करत होते. घरी काकू भाजी निवडत टीव्ही बघत होत्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "म्हणजे त्या दोन टिंबांचं भांडण आहे का?"

"कुठली दोन टिंबं?"

"ही काय." काकूंनी भेंडी टीव्हीकडे रोखली. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, "पुनःप्रक्षेपण". "दुपारी रोज येतात. मी सात वर्षं बघतेय. जुना भाग परत दाखवला की ही दोन टिंबं."

मी धावत वर गेले. व्याकरणाचं पुस्तक काढलं. पुनर्जन्म बरोबर, पुनर्विचार बरोबर. पण पुढे प आला तर विसर्गाचा र होत नाही. तो विसर्गच राहतो. माझ्या टेबलावर तपासायला आलेल्या मुद्रितांचा गठ्ठा होता. वरच्याच पानाच्या समासात लाल शाईने मी स्वतः लिहिलेलं होतं, "पुनःपुन्हा तीच चूक". दोन टिंबं ठसठशीत. हा शब्द मी आठवड्यातून दहादा लिहिते. दगडावर नजर ठेवणाऱ्या माणसाने ऐकून ओळखलं ते मला हाताने लिहून कळलं नव्हतं.

खाली आले. काकांनी माझा चेहरा बघितला. फक्त म्हणाले, "बस. चहा घे."

काकू मात्र म्हणाल्या, "चार वर्षांची फी परत मिळते का गं?"

संध्याकाळी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. ते गल्ल्याशी बसून निमंत्रणपत्रिकांवर पत्ते लिहीत होते. मी सरळ सांगितलं की पत्रिका तपासताना चूक माझी झाली.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "झाली ना? मग आता गप्प बसा."

"पण पाटी..."

"बाई, चूक पाचशे ठिकाणी गेली की ती चूक राहत नाही. उद्या लोक हातात पत्रिका घेऊन येणार. पाटीवर वेगळं दिसलं तर काय म्हणतील?"

"पाटी बरोबर आहे म्हणतील," काका म्हणाले.

"पाटी तुम्ही केलीत, काका!" अध्यक्ष म्हणाले. मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो. दगडावर दोन टिंबं काढलीत तर कोणाला विसर्ग दिसणार नाही. भोकं दिसतील. म्हणतील, छिन्नी दोनदा घसरली. पुन्हा केलंच यांनी, असं म्हणतील. कागदावर आहे तसं कोरा. सगळे टाळ्या वाजवतील. तीस वर्षांचं धुऊन निघेल."

यात खोटं काहीच नव्हतं. तेच वाईट होतं. चुकीचा शब्द कोरला तर काकांचं नाव परत मिळणार होतं. बरोबर कोरला तर होतं नव्हतं तेही जाणार होतं.

"विचार करतो," काका म्हणाले.

पुढचे आठ दिवस त्यांनी बाकीची पाटी कोरली. तारीख, गुरुजी, समिती. मी कामाची पानं घेऊन खाली बसत असे. आधी ओल्या फडक्याने दगड पुसायचा. मग गेरूने अक्षर काढायचं. मग छिन्नी तिरकी धरून एका बाजूने उतार, दुसऱ्या बाजूने उतार, मधे खाच. धूळ फुंकायची. पहिल्या ओळीत त्यांनी "पुन" कोरलं, मधे जागा सोडली आणि "प्रतिष्ठा" कोरलं. मधली जागा तशीच. गेरूसुद्धा लावला नाही.

"काय ठरलं?" काकू रोज विचारत.

"बघू."

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे दगड निवांत आहे, घाव तुम्हीच सोसताय."

नवव्या दिवशी सकाळी मी उतरले तेव्हा काका त्या रिकाम्या जागेवर वाकले होते. हातात सगळ्यात बारीक, टोकदार छिन्नी होती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"टिंब सगळ्यात अवघड," काका मान वर न करता म्हणाले. "रेघ चुकली तर जाड करून सांभाळता येते. टिंबाला लपायला जागा नाही."

"काका, अजून विचार करा," मी म्हणाले. माझ्या चुकीचं बिल त्यांच्या नावावर फाटत होतं. "अध्यक्ष म्हणाले ते खरं आहे. लोक हसतील."

"हसतील."

"मग?"

त्यांनी छिन्नी थांबवली. "गुरुजी म्हणाले ना, माफीचा शब्द आहे. माफी मागताना शब्द चुकवला तर ती कसली माफी? माझ्या नावापायी देवाचं वाक्य बिघडवू?" मग काकूंकडे बघून म्हणाले, "आणि हे बघ, संपेपर्यंत जेवायला हाक मारू नकोस."

"उपाशी राहा," काकू म्हणाल्या. पण त्या दुपारी त्यांनी टीव्हीचा आवाज बंद ठेवला आणि आपणही जेवल्या नाहीत.

दोन टिंबांना साडेचार तास लागले.

पाटी कापडात गुंडाळूनच मंदिरात गेली. अध्यक्षांनी उघडून बघायला मागितलं. काका म्हणाले, चुना ओला आहे, आता हलवायची नाही. हे अर्धं खरं होतं.

उद्घाटनाला तीनेकशे माणसं आली. प्रत्येकाच्या हातात पत्रिका. काका शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते, धुतलेला सदरा घालून. त्यांच्या शेजारी मी, माझ्या शेजारी काकू. अध्यक्षांनी दोरी ओढली. कापड पडलं.

अक्षरं सुंदर होती. मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. मग पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, मधे दोन भोकं पडलीत."

दुसऱ्याने पत्रिका वर करून ताडून बघितलं. "र खाल्ला की!"

तिसरा म्हणाला, "खाणारच. दाताला कीड लागली!"

सगळं मंदिर खो-खो हसलं. खरं सांगते, विनोद चांगला होता. काकूंच्या तोंडूनही फुस्स झालं आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. काका समोर बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अध्यक्षांनी हात उंचावून सांगितलं की काळजी करू नका, उद्या लांबी भरून भोकं बुजवून घेऊ, रंगाऱ्याला सांगतो.

गुरुजी हसणं थांबेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली. तिच्यात हा शब्द पाच वेळा येतो, आणि पाचही वेळा सगळ्यांनी तो त्यांच्यामागून म्हणायचा असतो. गुरुजी पाटीकडे बघून म्हणाले, "पुनःप्रतिष्ठा." तीनशे माणसांनी म्हटलं. पत्रिका वाचून म्हणणारे र वर अडखळले. गुरुजींनी परत म्हटलं, सावकाश, श्वास सोडून. तिसऱ्या वेळी लोकांनी पत्रिका खाली केल्या आणि पाटीकडे बघितलं. चौथ्या वेळी त्या दोन टिंबांपाशी तीनशे छात्यांमधून एकदम हलका श्वास बाहेर पडला. तो मला ऐकू आला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटलेले होते आणि तेही म्हणत होते.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रार्थनेनंतर वाजवत नाहीत. बाहेर पडताना दोघातिघांनी किडीचा विनोद पुन्हा केला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रंगाऱ्याला घेऊन मंदिरात गेले. जाताना काकांना बोलावणं पाठवलं, कारण दगड त्यांचा. मीही मागोमाग गेले. रंगारी लांबीचा डबा आणि ती भरायची पट्टी घेऊन पाटीसमोर उभा राहिला. त्याने आधी टिंबांवरून बोट फिरवलं. मग डबा खाली ठेवला.

"काय झालं?" अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, ही भोकं नाहीत. कडा बघा. बांगडीसारख्या गोल आहेत. माणसाने मुद्दाम कोरलंय."

"मुद्दामच कोरलंय. म्हणून तर बुजवायचं."

"मग शब्द चुकेल की."

"तुला काय कळतं शब्दातलं?"

"मला काहीच कळत नाही," रंगारी म्हणाला. "पण यांना कळतं. मागे माझ्या घराच्या नावाची पाटी करताना यांनी मला तीन दिवस फेऱ्या मारायला लावल्या. शब्दाचा अर्थ सांग म्हणून. शेवटी बायकोच्या भावाला विचारून सांगितला. हा माणूस विचारल्याशिवाय रेघ ओढत नाही. यांनी टिंब दिलं असेल तर तिथे टिंबच असणार. मी ते बुजवलं आणि उद्या चूक निघाली, तर नाव माझं. तुम्ही दुसरा माणूस बघा."

काका छताकडे बघत होते. नवं छत होतं. बघण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

अध्यक्ष पाटीपाशी गेले. त्यांनीही बोट फिरवलं, पहिल्या टिंबावरून, मग दुसऱ्या. बराच वेळ. मग माझ्याकडे वळले. "नक्की बरोबर आहे ना हे? या वेळी नक्की?"

"या वेळी नक्की," मी म्हणाले.

"लोक विचारतील. मी काय सांगू?"

"काकांकडे पाठवा," रंगारी म्हणाला आणि डबा उचलून निघाला.

अध्यक्षांनी खरंच लोक पाठवले. पंधरा दिवस लोक येत होते. काही खवचटपणे येत, काही खरंच विचारायला. काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. गवंड्याचं काम कोणतं, फडक्याचं कोणतं आणि हा शब्द कशाचा. काम रखडलं. काकू म्हणाल्या, "दगड विका आणि शाळा काढा. निदान सुट्टी तरी मिळेल." एका दुकानदाराने नव्या पाटीचा मजकूर आणला आणि काकांनी विचारायच्या आत स्वतःच अर्थ सांगायला सुरुवात केली. माझ्या प्रकाशकालाही कुठून तरी कळलं. त्यांनी विचारलं, तुमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मुद्रितं तपासतात का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला नोकरी हवी आहे.

परवा अध्यक्ष स्वतः आले. बरोबर त्यांची पत्नी होती. अध्यक्ष उंबऱ्याशी घुटमळत राहिले.

"काय काम काढलंत?" काकूंनी विचारलं.

"काम काही नाही," अध्यक्ष म्हणाले. "हिला त्या शब्दाचं विचारायचं होतं. मी रात्रीपासून समजावतोय, पण ती म्हणते, पावित्र्य आपल्या हातून गेलं म्हणजे नेमकं कोणी घालवलं, त्याचं नाव सांगा. आता गोदामाच्या करारावर सही माझी होती. ते तिला मी कसं सांगू?"

"मला कळलंच आहे ते," त्यांची पत्नी म्हणाली. "मला फक्त 'मी घालवलं' हे यांच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी गुडघ्यावरची धूळ झटकली आणि बाजूचा दगड हाताने पुसून दोघांना जागा केली. "बसा वहिनी," ते म्हणाले. "तुम्हीही बसा, अध्यक्ष. सांगतील ते. अवघड शब्द आहे, जरा वेळ द्या त्यांना."